अठ्ठावन्न किलो चारशे

सोमवार, २ फेब्रुवारी

हिला आज इस्पितळातून घरी आणलं. जिने चढायला इतका वेळ लागला की तळमजल्यावरच्या पार्लरबाई आपल्या गिऱ्हाइकाची खुर्ची उचलून वर घेऊन आल्या, आणि ही मधल्या मजल्यावर, कुणाच्या तरी चपलांच्या कपाटाशेजारी, पाहुणी आल्यासारखी बसून राहिली. मी उभा. अशा वेळी माणसानं काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेत होतो.

डॉक्टरांनी सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. हृदयाचा पंप कमजोर झाला आहे, त्यामुळे अंगात पाणी साठतं. मीठ नावापुरतं. पाणी दिवसाला सगळं मिळून सव्वा लिटर. त्यात चहा आला, सूप आलं, गोळीबरोबरचा घोटही आला. रोज सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन. नाहीतर महिन्यानं दाखवायला यायचं.

"एवढं जमेल ना काका?" डॉक्टर म्हणाले.

जमेल ना! मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. नववीचा पहिला धडा, द्रव्य आणि मापन, मी झोपेतसुद्धा शिकवू शकेन. मुलं तो झोपेतच शिकायची.

इस्पितळात मी नुसता कडेला उभा होतो. नळ्या, यंत्रं, कागद, सगळं दुसऱ्यांच्या हातात. कुणी आलं की मी बाजूला सरकायचो, एवढंच माझं काम. आज प्रथमच मला येतं असं काहीतरी कुणी सोपवलं. खोटं कशाला लिहू, परत येताना टॅक्सीत मला बरं वाटत होतं.

वही आकड्यांसाठी घेतली आहे. पण आकड्याच्या शेजारी फारच जागा उरते.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वजनकाटा नवा आणला. नवा आहे म्हणून विश्वास ठेवायचा हा अडाणीपणा मी करत नाही. दुकानातून पाच-पाच किलोच्या तांदळाच्या बंद पिशव्या आणल्या आणि एकेक करून काट्यावर चढवल्या. पाच, दहा, पंधरा. काटा बरोबर. मग फरशीच्या चार ठिकाणी ठेवून पाहिला. न्हाणीघराच्या दाराशी दोनशे ग्रॅम कमी दाखवतो, फरशी उतरती आहे. कपाटापुढची जागा नक्की केली आणि खडूनं चौकोन आखला.

"एवढा तांदूळ आता खायचा कुणी?" हिनं विचारलं.

गाऊन तोच, पायात काही नाही, वेळ तीच. ५८.४.

"अठ्ठावन्न किलो चारशे," ही म्हणाली.

"चारशे नाही म्हणायचं. काट्याला एक दशांश किलोच्या पुढचं कळतच नाही. तू चारशे म्हणालीस की चारशे एक नाही आणि तीनशे नव्याण्णव नाही, असा दावा होतो. आपल्याला तो अधिकार नाही."

"मास्तर, मी बायको आहे तुमची. मला पट्टी नका दाखवू. अठ्ठावन्न किलो चारशे."

मास्तर म्हणाली म्हणजे बरं वाटतंय तिला.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

५८.३

सेवानिवृत्त होताना शाळेनं मला अर्ध्या लिटरचं काचेचं मोजपात्र दिलं होतं. इतकी वर्षं त्यात ही पेन्सिली ठेवायची. ते धुऊन ओट्यावर उभं केलं. सकाळी सव्वा लिटर मोजून तांब्यात काढतो. दिवसभराचं सगळं त्यातूनच. चहा केला तर आधी मोजतो. सूप केलं तर आधी मोजतो.

पाणी काचेला चिकटून कडेला थोडं वर चढतं, म्हणून मधल्या खळग्याची तळरेषा वाचायची, आणि डोळा बरोबर तिच्या पातळीत आणायचा. त्यासाठी मला गुडघ्यात वाकून ओट्याला नाक लावावं लागतं. ही दारातून बघत होती.

"काय दिसतंय? मासे?"

आज दुपारी मात्र भांडण झालं. औषधांनी तोंड कोरडं पडतं. "थोडं पाणी द्या हो," म्हणाली. मी म्हटलं, "थोडं म्हणजे किती?" सवयच आहे जिभेला. वर्गात कुणी "थोडं आम्ल घातलं" असं लिहिलं की मी पूर्ण गुण कापायचो. थोडं हे माप नाही, असं फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेलं असायचं.

हिनं ओट्यावरच्या मोजपात्राकडे पाहिलं. मग म्हणाली, "पन्नास मिलिलिटर द्या, सर."

पन्नास दिलं. ते प्यायला तिला काही क्षण लागले. रिकामा ग्लास बराच वेळ हातात धरून होती.

बुधवार, ११ फेब्रुवारी

५८.४

पार्लरबाई आज शिकवणीला आल्या. खुर्चीचे उपकार असे अंगावर आले. त्यांना रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायचा अभ्यासक्रम करायचा आहे, त्याला प्रवेश परीक्षा आहे, आणि रसायनशास्त्र नावाच्या प्राण्याला त्या शाळेपासून भितात. मी म्हटलं, रोज केसांना रंग कालवता तेव्हा काय करता? त्या म्हणाल्या, "तो रंग असतो हो सर, ते रसायन थोडंच असतं!" हिला हसू आवरेना. मग खोकला आला.

द्रव्य म्हणजे ज्याला वस्तुमान आहे आणि जे जागा व्यापतं ते. एवढंच आज शिकवलं. पार्लरबाईंनी खोलीतल्या वस्तूंवर बोट ठेवत विचारलं: टेबल? द्रव्य. हवा? द्रव्य. उजेड? नाही. काकूंचा राग?

"त्याला वस्तुमान नाही," मी म्हटलं.

"पण जागा व्यापतो," ही म्हणाली.

रविवार, १५ फेब्रुवारी

५८.४

आज मी जे केलं ते मला आवडलेलं नाही, म्हणून लिहितो.

दुपारी फ्रिज उघडला तर बर्फाच्या ट्रेमधला एक कप्पा रिकामा. हिला विचारलं. गालातल्या गालात काहीतरी फिरवत ती म्हणाली, "मी कुठे पाणी प्यायले? तो घन होता. तुम्ही द्रव मोजता."

हसण्यासारखंच होतं ते. चाळीस वर्षांत माझ्याच विषयावरून तिनं मला असं सफाईनं कधी पकडलं नसेल. मी हसलो नाही. पदार्थाची अवस्था बदलली तरी वस्तुमान बदलत नाही, असं मी चक्क मोठ्या आवाजात सांगितलं. शेजारचा बर्फाचा तुकडा काढून स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवला, बावीस ग्रॅम भरला, आणि संध्याकाळच्या चहातून बावीस मिलिलिटर कमी केलं.

तिनं तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

काय करू? तहानलेल्या माणसाला पाणी नाकारायचं, हे काम आहे का माणसाचं? पण नाही नाकारलं तर ते तिच्या फुप्फुसात चढणार. दोन्हीकडून मीच. बर्फाचा ट्रे रिकामा करून वरच्या फळीवर ठेवला आहे. आता फ्रिज उघडला की आधी ती रिकामी जागाच दिसते.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

५८.४

लेकीचा फोन. ती दूर, तिची नोकरी, तिची लहान मुलं. रोज फोन करते तेवढंच खूप. "आई कशी आहे?" मी आकडे वाचून दाखवले. "बाबा, आकडे नकोत. ती कशी आहे?" आता याहून कशी आहे सांगायचं कसं? मी म्हटलं, स्थिर आहे. अगदी स्थिर.

एक तक्रार आहे, जेवण कमी झालंय. दोन घास भात की पोट गच्च झालं म्हणते. उकडलेलं अंडं आवडायचं, तेही अर्धं ठेवते. मी चिडवलं, "खात नाहीस म्हणतेस आणि पोट तर सुटत चाललंय!" खरंच थोडं पुढे आलंय पोट. गाऊन तिथे ताणला जातो. बसून असते ना दिवसभर. कमी खाऊनही वजन जागचं हलत नाही, म्हणजे अंगाला लागतंय.

हल्ली तिला पलंगापेक्षा खिडकीजवळची खुर्ची आवडते. सकाळी उठलो की ही खुर्चीतच, उशा पाठीशी लावून. आडवं पडलं की खिडकीतून रस्ता दिसत नाही, म्हणते. मी खुर्चीला एक गादी शिवून आणली.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

५८.३

आजचा तास फार छान झाला. निवृत्तीनंतरचा माझा सर्वांत चांगला तास म्हणायला हरकत नाही.

पार्लरबाईंनी विचारलं, "सर, वजन होतं तेवढंच राहिलं म्हणजे आत काही बदललं नाही, असंच धरायचं ना?"

मी म्हटलं, थांबा. स्वयंपाकघरातून दोन सारखे स्टीलचे डबे आणले. दोन्हींत गच्च कापूस भरला आणि काट्यावर सारखे केले. मग एक डबा घेऊन आत गेलो, त्यातला बराचसा कापूस काढला, आणि काढला तेवढ्याच वजनाचं पाणी ओतलं. झाकण लावून बाहेर आणला. "आता तोला." दोन्ही सारखे. ग्रॅमचाही फरक नाही.

"उघडा."

त्यांनी उघडलं. एकात पांढराशुभ्र कापूस, दुसऱ्यात ओला लगदा तळाशी बसलेला.

"काटा किती ते सांगतो," मी म्हटलं. "काय, ते सांगत नाही. ते उघडूनच बघावं लागतं."

पार्लरबाईंनी लगेच वहीत उतरवून घेतलं. मग मी त्यांना आमचं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. ते कित्येक वर्षं न चुकता सात मिनिटं पुढे आहे. रोज तेवढंच पुढे. पुन्हा पुन्हा तोच आकडा येणं वेगळं, आणि तो आकडा खरा असणं वेगळं. हेही त्यांना पटकन कळलं. बाई हुशार आहेत, उगाच भितात.

ही खुर्चीतून सगळं बघत होती. "वा मास्तर," म्हणाली. मी डबे धुवायला नेऊ लागलो तेव्हा म्हणाली, "त्यातलं पाणी आता टाकूनच देणार ना?" मी म्हटलं, कापसाचं पाणी आहे ते, पिण्याचं नाही. "टाकताना जरा इथून दिसेल असं टाका," ती म्हणाली.

तिचा विनोद कधी कधी मला कळत नाही.

सोमवार, २ मार्च

५८.४

आज दाखवायला जायचं होतं. दवाखान्यातून फोन आला, डॉक्टर बाहेरगावी आहेत, त्यांच्याऐवजी दुसरे आहेत, त्यांना दाखवता की पुढची वेळ देऊ? मी फोनवरच महिन्याचे आकडे वाचून दाखवले. फोनवरची मुलगी म्हणाली, "वा काका, एवढं व्यवस्थित कुणीच लिहीत नाही. वजन तर जराही वाढलेलं नाही."

मी हिला विचारलं. ती म्हणाली, "नको तो जिना. तुमचा आलेख सरळ आहे ना? मग झालं." आलेखाच्या कागदावर रोजचा ठिपका देऊन मी रेघ जोडतो, तो कपाटाच्या दारावर लावला आहे. खरंच पट्टीनं ओढल्यासारखी रेघ आहे.

सोळा तारखेची वेळ घेतली. आपलेच डॉक्टर असलेले बरे.

शनिवार, ७ मार्च

५८.४

सकाळी हिची अंगठी बेसिनमध्ये पडली. घसरली म्हणे साबणानं. लग्नानंतर ती कधी निघालीच नव्हती. मागे एकदा काढायला गेलो तर तेल लावूनही निघेना. आता हिनं तिला आतून दोरा गुंडाळला आहे.

पार्लरबाई केस विंचरून द्यायला वर आल्या होत्या. म्हणाल्या, "सर, काकूंचे गाल बसलेत हो. खांद्याचं हाड लागतं हाताला." मी त्यांना कपाटाच्या दाराशी नेलं आणि आलेख दाखवला. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "तुम्ही मोजता म्हणजे बरोबरच असणार," म्हणाल्या. डोळ्यांच्या अंदाजानं माणसं एकमेकांना किती घाबरवतात! म्हणून तर मापं आली जगात.

तरी दुपारी ही झोपलेली असताना मी तिच्या गालाकडे पाहत बसलो. खिडकीतून उजेड एका बाजूनं येतो, त्यानं सावली पडते.

बुधवार, ११ मार्च

५८.४

चपला घालून दारापर्यंत चालवलं. थांबली. परत आणलं. दोन घास. सव्वा लिटरमधलं शंभर मिलिलिटर उरवलं आज, तिनं मागितलंच नाही. मी मनात म्हटलं, सवय झाली.

शनिवार, १४ मार्च

इस्पितळात आहोत. बाकावर बसून लिहितोय.

काल सकाळी नेहमीसारखं वजन केलं. ५८.४. मी वहीत लिहीत होतो आणि ही काट्यावरून उतरून कंगवा घ्यायला वळली. कंगवा हातातच राहिला. श्वास येईना. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. बोलता येत नव्हतं. मी काय केलं? मी म्हटलं, "पण वजन तर वाढलेलं नाही!" हे मी तिला मोठ्यानं सांगितलं. श्वास कोंडलेल्या बाईला.

पार्लरबाईंनी गाडी बोलावली. त्यांच्या शेजारचा न्हावी आणि पलीकडचा दुकानदार यांनी तिला त्याच खुर्चीत बसवून खाली उतरवलं. मी मागून औषधांची पिशवी आणि आलेखाचा कागद घेऊन.

डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, पाय दाबून पाहिले, दंडाची कातडी चिमटीत धरली. मग मला विचारलं, "काका, ही इतकी वाळली कधी?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिला आणि घडी करून मला परत दिला. ते चांगले आहेत, हळू बोलले. ती खात नव्हती, म्हणाले. मांस उतरत गेलं, आणि जेवढं उतरलं तेवढं पाणी आत भरत गेलं. पायांत नाही फारसं, पोटात. म्हणून बेरीज तीच राहिली.

मी म्हटलं, "दोन डबे."

"काय?"

"काही नाही," मी म्हटलं.

काटा बरोबर होता. मी तो तांदळानं तपासला होता. मी विचारलं तेवढंच त्यानं सांगितलं. पार्लरबाईंसमोर मी दोन डबे मांडले, शेखी मिरवली, हिनं वा म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिला काट्यावर उभं करून पुन्हा तोच आकडा आनंदानं लिहिला. मला रडू येतंय आणि समोर औषधाच्या खिडकीवर माणसं रांगेत उभी आहेत.

सोळा तारखेची वेळ अजून खिशात आहे.

मंगळवार, १७ मार्च

लेक आली. विमानतळावरून थेट. आईला बघून बाहेर आली आणि मला म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणालात स्थिर आहे." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सुईतून औषध देऊन पाणी काढलं. पोटातूनही नळीनं काढलं. नर्स दर वेळी किती निघालं ते मोठ्यानं सांगायची, आणि मी सवयीनं मनात बेरीज करत होतो. आज त्यांनी खाटेसकट वजन केलं, खाटेचं वजा केलं.

५०.९

साडेसात किलो. मी जिला महिनाभर अठ्ठावन्न लिहीत होतो ती एवढीच होती. खाली चादरीत ती एवढीशी दिसत होती, आणि मी तिला ओळखायला एक पळ जास्त घेतला.

जाग आल्यावर तिनं विचारलं, "किती?"

मी सांगितलं.

"लग्नात एवढीच होते," ती म्हणाली. "आता माप मिळालं तुम्हाला."

मी म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, "अहो, मलाही तो सरळ आलेख आवडायचा. तुम्ही ठिपका दिला की शीळ घालायचात." मी शीळ घालायचो हे मला माहीत नव्हतं.

गुरुवार, १९ मार्च

डॉक्टरांनी मला आणि लेकीला खोलीत बोलावलं. हृदय औषधाला जुमानत नाही, मूत्रपिंडंही थकली आहेत. मी विचारलं, दोन तारखेला आणली असती तर? त्यांनी खांदे उडवले नाहीत, उत्तर टाळलं नाही. म्हणाले, "थोडा वेळ मिळाला असता कदाचित. किती ते मला सांगता येणार नाही." मला तो आकडा हवा होता. कितीही वाईट असला तरी. तो कुणाकडेच नाही.

मग म्हणाले, "घरी न्यायचं असेल तर न्या. आणि आता पाण्याचं बंधन नको. हवं तेवढं पाणी द्या त्यांना."

मला एकदम आनंद झाला. सव्वा लिटर संपलं, आता काही मोजायला नको, म्हणजे सुधारणा आहे. मी लेकीकडे पाहिलं. ती तोंडावर हात धरून भिंतीकडे वळली होती. एवढी चांगली बातमी आणि ही रडते का, असं मला वाटलं. फार तर क्षणभर वाटलं असेल. पण वाटलं.

शनिवार, २१ मार्च

घरी आणलं. जिन्यात तीच खुर्ची, तीच माणसं. या वेळी ती चपलांच्या कपाटाशेजारी थांबली नाही, तिला कुठे थांबायची गरज पडली नाही. खुर्ची हलकी झाली होती. खिडकीजवळ बसवलं. कपाटाच्या दारावर आलेखाच्या चिकटपट्टीचे चार डाग आहेत, आणि फरशीवर खडूचा चौकोन. लेकीनं काटा पलंगाखाली सरकवून दिला.

दुपारी पार्लरबाई आल्या. केस धुऊन दिले, विंचरले. मग नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांची परीक्षा उद्या आहे हे मी विसरलो होतो. त्या विचारणार नव्हत्या. हिनंच डोळे मिटल्या मिटल्या सांगितलं, "शिकवा तिला. घरातलं कुणीतरी पास व्हायला हवं."

"आज नको काकू."

"आजच. मला ऐकायचंय."

मग मी मोजपात्र आणलं आणि टेबलावर ठेवलं. सार्थ अंक, म्हणजे मापातले किती अंक खरे धरायचे, तो भाग राहिला होता. पाणी हललं, ते थांबेपर्यंत थांबलो. म्हटलं, रेघ आहे तिथवर आपली खात्री असते. पाणी दोन रेघांच्या मध्ये असेल तर शेवटचा अंक आपण डोळ्यांनी ठरवतो. तो अंक नेहमी अंदाजाचा असतो. तरी तो लिहायचा.

"म्हणजे सर, तुम्हीसुद्धा अंदाजच करता?"

"हो," मी म्हटलं. "शेवटी अंदाजच."

"ऐकलं हं मी," खुर्चीतून आवाज आला.

पार्लरबाई तोंड लपवून निघून गेल्या. हसत होत्या की रडत, मला दिसलं नाही. लेक पलंगावर बसल्या बसल्या झोपली होती.

"पाणी देता?" हिनं विचारलं.

मी स्वयंपाकघरात गेलो. पाहुण्यांचा मोठा ग्लास काढला, माठाच्या तोटीखाली धरला आणि भरू दिला. ट्रे वरच्या फळीवरून मी सकाळीच उतरवून फ्रिजमध्ये लावला होता. बर्फाचे तुकडे हातानं ग्लासात टाकले, दोन की तीन. येताना ग्लास डचमळला, फरशीवर सांडलं, पुसलं नाही. तिनं दोन्ही हातांनी ग्लास धरला, खालून मी धरला. ती प्यायला लागली. मी गुडघ्यात वाकलेलोच होतो, माझा डोळा बरोबर पाण्याच्या पातळीत होता. मी डोळे मिटून घेतले.

ती थांबली. बर्फ काचेला लागल्याचा आवाज आला.

"किती झालं?"

"माहीत नाही."

डोळे उघडले तर ती माझ्याकडेच बघत होती. ओठ ओले होते. कितीतरी दिवसांनी ओले होते.

"मग अजून थोडं द्या," ती म्हणाली.

मी दिलं.